कोडिंगचा क्लास लावू की मॅनेजमेंटचा? आधी एका ऑर्डरचं गणित मांडा

प्रश्न: मी 24 वर्षांची आहे, नागपुरात नंदनवनला राहते, बी.कॉम. झालंय. बाबा मस्कासाथमधल्या एका घाऊक किराणा पेढीत बऱ्याच वर्षांपासून हिशेबाचं काम बघतात. दुकानदार तिथे फोनवर, व्हॉट्सॲपवर, चिठ्ठीवर ऑर्डर देतात आणि रोज काही ना काही चुकतं. मला ॲप काढायचं आहे. दुकानदार त्यात ऑर्डर टाकतील, मी वेगवेगळ्या पेढ्यांकडून माल उचलून पोचवीन. साठवलेले दीड लाख आहेत. धरमपेठेतला एक क्लास सहा महिन्यांत ‘फुल स्टॅक’ (म्हणजे ॲपचं दिसणारं पान आणि मागचा सर्व्हर, दोन्ही) शिकवतो, फी 85,000. दुसरा पर्याय म्हणजे संध्याकाळचा वर्षभराचा मॅनेजमेंट कोर्स, फी 1,20,000. पुण्याला आयटीत असलेला दादा म्हणतो, कोड आता एआय लिहितं, शिकू नकोस. मामा म्हणतात, स्वतःला कोड येत नसेल तर लोक फसवतील. मी आधी काय शिकू?

उत्तर:

नमस्कार. सध्या दोन्हीपैकी कुठलीच फी भरू नका. पहिले दोन महिने विक्री आणि धंद्याचं गणित शिकण्यात घालवा, तेही बाजारात उभं राहून. त्यानंतर अडीच महिने कोडिंग शिका, पण तुमच्याच ऑर्डरींचा हिशेब चालवता येईल एवढंच.

हा क्रम सगळ्यांना लागू नाही. आपल्या कल्पनेतला जो भाग सगळ्यात कच्चा आहे, जो फसला तर बाकीची मेहनत पाण्यात जाईल, तो आधी शिकायचा असतो. समजा, कुणाला कॅमेऱ्याने संत्र्यांची प्रतवारी करणारं यंत्र बनवायचं आहे. आंबिया बहाराचं फळ बाहेरून हिरवट असूनही आत पिकलेलं असू शकतं. कॅमेऱ्याला ते ओळखता आलं नाही तर कळमन्याच्या मार्केटमध्ये दाखवायला हातात काहीच उरत नाही. अशा माणसाने आधी कोड आणि चित्र ओळखण्याचं तंत्रच शिकायला हवं. तुमचं तसं नाही. मोबाइलवर ऑर्डर घेणारा फॉर्म बनतो की नाही, याबद्दल कुणालाच शंका नाही, तो हजारदा बनून झालाय. पैसे कोण देणार, किती देणार आणि उधारी कोण सोसणार, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही, तुम्हालाही नाही.

म्हणून कागद घ्या आणि एका ऑर्डरचं गणित मांडा. समजा दुकानदाराची ऑर्डर 8,000 रुपयांची आहे. साखर, तेल, डाळी, थोडा पॅकिंगचा माल असं सगळं मिळून तुम्हाला 4 टक्के सुटले, म्हणजे 320 रुपये. छोट्या हत्तीचं (लहान टेम्पोचं) भाडं त्या फेरीतल्या दुकानांवर वाटलं तर एका दुकानामागे 90. हमाली 30. फुटलेली पाकिटं, वजनातली तूट, परत आलेला माल यांचे सरासरी 40. उरले 160. आता उधारी. पैसा कर्जाऊ असो की घरचा, महिन्याला दीड टक्का व्याज धरा. दुकानदाराने 15 दिवसांत पैसे दिले तर व्याज 60 रुपये आणि हातात उरतात 100. त्याच दुकानदाराने 45 दिवस लावले तर व्याज 180 आणि ऑर्डरमागे 20 रुपये तुमच्याच खिशातून जातात. माल तोच, गाडी तीच, ॲपही तेच. फरक पडला तो फक्त वसुलीच्या तारखेने.

याहून मोठी अडचण भांडवलाची आहे. अशी 30 दुकानं, प्रत्येकाची आठवड्याला एक ऑर्डर, म्हणजे आठवड्याला 2,40,000 चा माल. वसुली 45 दिवसांनी होत असेल तर कोणत्याही दिवशी तुमचे 15 लाखांहून जास्त रुपये बाजारात अडकलेले असतील. तुमच्याकडे दीड लाख आहेत. उडानसारख्या कंपन्या 2016 पासून घाऊक आणि किरकोळ यांच्या मधल्या या जागेत आहेत, पण त्या गुंतवणूकदारांच्या मोठ्या पैशावर उभ्या आहेत. ऑर्डरच्या गणितातले आकडे मी समजुतीसाठी धरलेत. खरे आकडे बाबांना तोंडपाठ असतील. एक संध्याकाळ त्यांच्यासोबत बसून तुमचा तक्ता भरा. साखरेवर किती सुटतं, पोह्यावर किती, बिस्किटांच्या पेटीवर किती, आणि कुठल्या भागातली वसुली किती दिवसांनी येते, एवढं विचारलं तरी पुरे. वर्षभराच्या कोर्समध्ये हा तक्ता कुणी भरून देणार नाही.

हे गणित पाहता आमचा सल्ला असा, की माल उचलून पोचवण्याचा भाग तूर्त सोडून द्या. ऑर्डर चुकतात, हे दुखणं पेढीचं आहे, तर उपायही पेढीलाच विका. दुकानदाराची ऑर्डर नीट नोंदवून पेढीच्या बिलापर्यंत पोचवणारं साधन, महिन्याला 1,500 रुपये. माल पेढीचा, गाडी पेढीची, उधारीही पेढीचीच. दहा पेढ्या मिळाल्या तर महिन्याला 15,000 येतील. रक्कम लहान वाटेल, पण त्यात तुमचं भांडवल अडकत नाही.

जीएसटीच्या बाजूनेही हेच सोपं पडतं. इतर पेढ्यांचा माल त्यांच्याच नावावर तुमच्या ॲपवरून विकला आणि पैसे तुम्ही गोळा केले, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही ई-कॉमर्स ऑपरेटर ठरता. मग उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते आणि पेढ्यांचे पैसे चुकते करताना 0.5 टक्के टीसीएस (पैसे देण्याआधीच कापायचा कर) कापून भरावा लागतो. नुसती सॉफ्टवेअरची सेवा विकली तर महाराष्ट्रात वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करायला हवी. बाबांच्या पेढीची ग्राहकयादी, दर किंवा उधारीच्या वह्या त्यांच्या शेठजींना न विचारता वापरू नका. बाबांशी बोलून बाजार समजून घेणं वेगळं आणि यादीतले नंबर उतरवून दुकानदारांना फोन लावणं वेगळं. मस्कासाथमध्ये दुसऱ्या दिवशी ही बातमी शेठजींपर्यंत पोचेल, आणि त्याची झळ तुमच्या आधी बाबांना लागेल. उलट शेठजींनाच पहिलं गिऱ्हाईक करण्याचा प्रयत्न करा. बाबांना मध्ये घालू नका. स्वतः वेळ मागून भेटा, आणि ते नाही म्हणाले तर शेजारच्या पेढ्यांकडे जाण्यापूर्वी त्यांना तसं सांगा.

आता पहिल्या महिन्याचं काम. दहा पेढ्या आणि वीस दुकानदार, एवढ्या लोकांशी बोला. दुकानं एकाच भागातली नकोत. मानेवाडा, जरीपटका, वाडी, कामठी अशी पसरलेली घ्या, कारण गाडीची फेरी आणि उधारीची रीत भागागणिक बदलते. सकाळी आणि सातनंतर दुकानात गर्दी असते, तेव्हा दुपारी जा. ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ हा प्रश्न विचारूच नका. समोरचा तुमचं मन राखायला ‘हौ जी, चांगलं आहे’ म्हणेल आणि तुम्ही ते होकारात मोजाल. जे घडून गेलंय ते विचारा. मागची ऑर्डर कधी दिली, कशी दिली? त्यात काय चुकलं? चुकीचा माल आला तेव्हा पुढे काय झालं, परत गेला की तसाच ठेवून घेतला? पेढीत विचारा: काल किती ऑर्डरी आल्या, लिहून घेणारा कोण, बिल कोण करतं, मागच्या महिन्यात किती माल परत आला, त्या फेरीचं भाडं कुणी भरलं? उत्तरं त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. दहापैकी निदान तीन पेढ्यांनी त्या नुकसानीचा आकडा स्वतःहून सांगितला नाही, तर चुका होतात खऱ्या, पण पैसे मोजावेत एवढ्या त्या त्यांना टोचत नाहीत, असं समजा आणि दुसरं दुखणं शोधा.

एखादी पेढी तयार झाली की कोड न लिहिता चार आठवडे काम करून दाखवा. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्याच्या कॅटलॉगमध्ये 500 वस्तू बसतात. दर मात्र तिथे टाकू नका. तेलाचा भाव रोज हलतो, आणि घाऊक बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाचा दर वेगळा असतो, तो चारचौघांत दिसून चालत नाही. पेढीची दहा दुकानं घ्या. त्यांच्या ऑर्डरी त्या नंबरवर येऊ द्या आणि तुम्ही स्वतः गुगल शीटमध्ये उतरवा. रकाने एवढेच: तारीख, वेळ, दुकान, वस्तू, नग किंवा वजन, बिल झालं ती वेळ, चूक झाली का, कशामुळे. सुरुवातीचा एक आठवडा जुन्या पद्धतीच्या चुकाही याच शीटमध्ये मोजून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? बहुतेक दुकानदार टाइप करण्यापेक्षा बोलून निरोप पाठवतील, त्यांना अडवू नका. किती जण बोलून पाठवतात ते मोजा, पुढे साधन कसं बनवायचं ते त्यावरून ठरेल. पहिला महिना फुकट चालेल. दुसऱ्या महिन्यात 500 रुपये मागा. रक्कम कितीही लहान असो, शेठजी ती देतात की टोलवतात यातून जे कळतं, ते कौतुकातून कळत नाही.

कोडिंगची वेळ इथे येते. रोज दोन तास, दहा आठवडे, म्हणजे साधारण 140 तास. आधी डेटाबेसचे तक्ते आणि एसक्यूएल (त्या तक्त्यांतून माहिती काढायची भाषा), मग पायथन या प्रोग्रामिंग भाषेची सुरुवात, मग एखादं साधं वेबपान, आणि गिट (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन) अगदी पहिल्या आठवड्यापासून. हार्वर्डचा सीएस50 हा संगणकाची ओळख करून देणारा कोर्स आणि एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावरचे आयआयटींचे कोर्स फुकट शिकता येतात. सहा महिन्यांच्या क्लासमध्ये बराच वेळ पडद्यावरची बटणं आणि रंगसंगती करण्यात जातो. नोकरी हवी असेल तर ते ठीक आहे. तुमच्या कामाचा जीव तक्त्यांत आहे.

तुमच्या कामाला पाच तक्ते लागतील: दुकानं, माल, दरपत्रक, ऑर्डर आणि ऑर्डरमधल्या ओळी. नवशिक्याच्या हातून इथे ठरलेल्या चुका होतात. दर फक्त मालाच्या तक्त्यात ठेवला आणि ऑर्डरच्या ओळीत उतरवून घेतला नाही, तर आज तेलाचा भाव बदलला की मागच्या महिन्याची बिलंही बदललेली दिसतात. दुकानाची ओळख म्हणून मोबाइल नंबर वापरला आणि दुकानदाराने सिम बदललं, की तेच दुकान नवं होऊन बसतं आणि जुनी बाकी हरवते. पैसे दशांश अपूर्णांकात ठेवले तर पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 येते. हजार ओळींच्या बेरजेत पैशा-दोन पैशांचा फरक निघाला की हिशेबनीस तुमचं साधन बाजूला ठेवतो. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा. रेंज नसताना दुकानदाराने बटण दोनदा दाबलं तर दोन ऑर्डरी पडतात. त्यासाठी फोनवरच प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने दुसरी नोंद करू नये.

एककांची चूक तर किराण्यातली सगळ्यात महागडी. तेलाचा डबा 15 किलोचा असतो आणि 15 लिटरचाही. लिटरमागे साधारण 910 ग्रॅम तेल भरतं, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलोच्या आसपास. दोन डब्यांत सव्वा किलोहून जास्त फरक आहे आणि दुकानदार ऑर्डर देताना नुसतं ‘दोन डबे’ म्हणतो. पोतंही 30 किलोचं, 50 किलोचं. मालाच्या तक्त्यात एकक आणि त्या एककातलं वजन असे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि 15 किलोचा डबा व 15 लिटरचा डबा या दोन स्वतंत्र वस्तू धरा. हे शहाणपण बाबांकडे आहे. क्लासच्या मास्तरांकडे ते बहुधा नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

शेठजींचा पहिला प्रश्न असेल, ‘टॅलीत जातं का?’, म्हणजे पेढीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर आपोआप जाते का? जात नसेल तर पेढीत तीच ऑर्डर दुसऱ्यांदा टाइप करावी लागते, मग तुमचे 1,500 कशाला द्यायचे? टॅली प्राइम एक्सएमएल या ठरावीक साच्याच्या फाइलमधून व्हाउचर (व्यवहाराची नोंद) घेतं, आणि त्याच संगणकावर ‘पोर्ट 9000’ या अंतर्गत जोडणीवरून थेटही पाठवता येतं. अडतं ते नावांवर. टॅलीत वस्तू ‘तूर डाळ फटका’ असेल आणि तुमच्याकडून ‘तूरडाळ फटका’ गेलं, तर टॅलीला ती वस्तू सापडत नाही आणि व्हाउचर अडकतं. सुरुवातीलाच टॅलीतली वस्तूंची आणि खात्यांची नावं एक्सेलमध्ये काढून घ्या आणि तुमच्या तक्त्यात जशीच्या तशी ठेवा. आधी शैक्षणिक आवृत्तीवर किंवा कंपनीच्या नकलेवर करून बघा. पेढीच्या चालू हिशेबात हात घालायचा तो बॅकअप घेतल्यावरच, आणि हिशेबनीस शेजारी बसलेले असताना.

दादांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एआय तुम्हाला चालणारं पान तासाभरात देईल, आणि त्याची मदत जरूर घ्या. पण त्याने दिलेलं बरोबर आहे का, हे बघायला कोड वाचता आला पाहिजे. एक उदाहरण. बिलाच्या वेबपानाच्या पत्त्यात (लिंकमध्ये) शेवटी 118 आहे. दुकानदाराने तिथे 119 केलं आणि दुसऱ्या दुकानाचं बिल उघडलं, तर त्याला शेजाऱ्याचा दर कळला. त्याच संध्याकाळी पेढी तुमचं साधन बंद करेल. लॉगिन बनवलं की काम झालं असं वाटतं, पण ‘हे बिल याच दुकानाचं आहे का?’ ही तपासणी प्रत्येक पानावर सर्व्हरने करायची असते, आणि एआयने लिहिलेल्या कोडमध्ये नेमकी तीच राहून जाऊ शकते. दोन खाती उघडून एकाने दुसऱ्याचं काही दिसतं का, हे दर बदलानंतर स्वतः तपासा. पासवर्ड आणि इतर सेवांच्या गुप्त ‘की’ कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) सार्वजनिक टाकू नका.

प्ले स्टोअरची घाई नको. नोंदणीचे 25 डॉलर एकदाच लागतात, पण नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यातून उघडणारं वेबपान पहिले काही महिने पुरतं.

मामांची भीती मात्र रास्त आहे. पुढे काम वाढलं आणि फ्रीलान्सरकडून करून घ्यायचं ठरलं, तर डोमेन, सर्व्हर, गिटहब आणि प्ले स्टोअर ही चारही खाती तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर असू द्या. त्याला फक्त प्रवेश द्या. पैसे चार टप्प्यांत द्या, प्रत्येक टप्प्याला चालणारी गोष्ट बघून आणि कोड तुमच्या गिटहबवर आल्यावर. आणि करार लेखी करा. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे पगारी नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडचा मालक नोकरी देणारा असतो, पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, पैसे तुम्ही दिले तरी, लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचाच राहतो. त्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती 5 वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे दोन्ही शब्द करारात हवेतच. मालकीचा मुद्दा नीट सांभाळला तर कोड दुसऱ्याने लिहिण्यात काही वाईट नाही. शेअर दलाली करणाऱ्या झेरोधाने 2010 मध्ये सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या ट्रेडिंग सॉफ्टवेअरवर. त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर, काइट, 2015 मध्ये आलं.

कोड लिहिणारा भागीदार मिळाला तर पहिल्याच आठवड्यात अर्धा-अर्धा हिस्सा लिहून देऊ नका. हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावा, आणि वर्षाच्या आत सोडून गेल्यास काहीच मिळू नये, अशी अट दोघांनाही, म्हणजे तुम्हालाही, लावून घ्या.

कंपनी नोंदवण्याचं आत्ता मनावर घेऊ नका. एकल मालकीवर सुरुवात करता येते. केंद्राची स्टार्टअप मान्यता एकल मालकीला मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड यांसारखी नोंदणीकृत संस्था लागते. पण प्रायव्हेट लिमिटेड केली की एक रुपयाचा धंदा नसतानाही दरवर्षी ऑडिट आणि विवरणपत्रांचा खर्च मागे लागतो. पैसे देणाऱ्या तीन पेढ्या आणि तीन महिन्यांचं शीट हातात आलं, की सीएकडे जा. आयआयएम नागपूरच्या उद्योजकता केंद्रासारख्या ठिकाणी अर्ज करायचा तोही तेव्हाच, आणि जाताना चुकलेल्या ऑर्डरींचे आधीचे व नंतरचे आकडे छापून न्या.